अडतीस सेकंद

राग आला की ठिणगीचे आधी कान लाल होतात, मग नाक, आणि त्यानंतर समोरच्याचं काही खरं नसतं. ठिणगी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ऑफिसात लागून आठ दिवस झाले नाहीत तोच तिने अडेलतट्टू प्रिंटरला एक लाथ घातली होती, आणि तो मुकाट्याने चालू लागला होता. तेव्हापासून तिला तिसऱ्या मजल्यावर दुसऱ्या कुठल्या नावाने कोणी हाक मारली नाही.

त्या सकाळी मात्र लाथ घालायला समोर प्रिंटर नव्हता. एक पत्र होतं. आईच्या पिशवीत, डब्याच्या खाली, चार घड्या घालून दडवलेलं. ठिणगी डबा भरायला बाहेर काढायला गेली आणि पत्र हाती लागलं. आता दडवलेलं पत्र हाती लागल्यावर न वाचणारी मुलगी कुठे असेल तर तिला माझा नमस्कार. ठिणगीने वाचलं.

‘आपला प्रत्येक कॉलमागचा वेळ विभागात सर्वाधिक आहे. ॲपमध्ये कोणताही दोष नाही. तांत्रिक विभागाच्या मते ऑपरेटर घाईत बटण दोनदा दाबतात, त्यामुळे विलंब होतो. आपणास फोन विभागातून तळघरातील फायलींच्या विभागात हलवण्याबाबत उद्या दुपारी चार वाजता निर्णय घेण्यात येईल.’

पत्रावर कालची तारीख होती. म्हणजे निर्णय आज चार वाजता.

आई अँब्युलन्सच्या फोनवर बसायची. एकोणीस वर्षं. लोक घाबरून, रडत, कधी नुसतेच धापा टाकत फोन करायचे, आणि आई त्यांच्याकडून पत्ता काढून घेऊन गाडी पाठवायची. ज्या ॲपवर ती पत्ता टाकायची ते ॲप सांभाळणाऱ्यांच्यात, त्याच इमारतीत दोन मजले वर, आठ महिन्यांपासून तिची लेक बसायची.

“आई! हे काय आहे?”

“कागद आहे.”

“ते दिसतंय मला! तू मला सांगितलं का नाहीस?”

आईने डब्याचं झाकण असं दाबलं की डबाच ओरडला. “सांगितलं नाही? तीन आठवडे सांगतेय. जेवताना सांगितलं, कपडे वाळत घालताना सांगितलं. शोधायला टाकलं की ते गोल गोल फिरत राहतं, फिरतं, फिरतंच राहतं. तू काय म्हणालीस?”

ठिणगीचे कान लाल झाले, पण या वेळी रागाने नाही.

“बोल ना. काय म्हणालीस?”

“म्हटलं... तू दोनदा दाबत असशील.”

“हं.” आईने पिशवी उचलली. “तेच छापून आलंय बघ. तांत्रिक विभागाच्या मते.”

दार लागलं. ठिणगीला लिफ्ट आठवली. पंधरा दिवसांपूर्वी लिफ्टमध्ये, फोन आणि ॲप दोन्ही विभाग बघणाऱ्या साहेबांनी सहज विचारलं होतं, खालून तक्रारी का येतात गं? आणि तिने सहज, हसत, शहाणपणा मिरवत उत्तर दिलं होतं, अहो, लोक बटण दोनदा दाबतात! उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. ते वाक्य लिफ्टमधून उतरून साहेबांच्या टेबलावर गेलं, तिथून पत्रात, आणि पत्रातून तिच्या स्वतःच्या आईच्या डब्याखाली.

तिला स्वतःला लाथ घालावीशी वाटली. पण ते जमण्यासारखं नसल्यामुळे ती ऑफिसात जाऊन थेट साहेबांसमोर उभी राहिली.

साहेबांना सगळे पाठीमागे हिरवळ म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावर भिंतभर एक स्क्रीन होता. ॲप किती वेळात उत्तर देतंय, किती लोक वापरताहेत, कुठलं यंत्र आजारी आहे, सगळं त्यावर दिसायचं. ठीक असेल तर हिरवं, नसेल तर लाल. साहेब रोज सकाळी कॉफीचा कप घेऊन त्या हिरव्याकडे असे बघत उभे राहायचे, जसं काही स्वतः पेरलंय.

“साहेब, ॲप हळू चाललंय.”

“हिरवं आहे.”

“मला दिसतंय हिरवं आहे, पण...”

“सरासरी बघ. शून्य पूर्णांक सतरा सेकंद. अर्ध्या सेकंदाच्या वर गेलं की लाल होतं. गेलंय का?” साहेब घोटभर कॉफी प्यायले. “नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! एकोणीस वर्षं झाली की हात थकतात गं. त्यात लाज कसली? आता तुझी आई आहे म्हणून तुला वाटणार...”

“माझी आई आहे म्हणून नाही!” ठिणगी इतक्या जोरात म्हणाली की अख्खा मजला वळून बघायला लागला. हे धडधडीत खोटं होतं. ती आई होती म्हणूनच तर.

“बरं बरं. चारपर्यंत पुरावा आण. सिद्ध कर, मी पत्र मागे घेतो. उगाच आरडाओरडा नको.”

उगाच! तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते ठिणगीला त्या एका शब्दाने कळलं. ती खुर्चीत आदळली आणि लॉगवर तुटून पडली.

लॉग म्हणजे काही जादू नव्हे. प्रत्येक यंत्र आपण काय काय केलं त्याची एकेक ओळ लिहून ठेवतं, तोच लॉग. अँब्युलन्सच्या ॲपची बारा यंत्रं होती, आणि बाराही जणांच्या ओळी एका ठिकाणी गोळा करून शोधता येतील अशी सोय होती. म्हणजे सोय होती आणि नव्हती. दिवसाला लाखो ओळी. ठिणगीने ‘चूक’ शोधून बघितलं, ‘उशीर’ शोधून बघितलं, कीबोर्ड बडवत तास घालवला. गवताच्या गंजीत सुई शोधावी आणि गंजीवरच चिडावं, तसं.

“रागाने शोधू नकोस,” शेजारून आवाज आला. “रागाला सगळीकडे चोरच दिसतात.”

हे आजोबा. वय वर्षं एकोणचाळीस. खुर्चीतून उठताना मोठ्याने ‘हुश्श’ करायचे म्हणून आजोबा.

“मग कशाने शोधू?”

“एक कॉल पकड. एकच. तो कुठून कुठे गेला, वाटेत कुठे थांबला, बघ. घोडं कुठे पेंड खातंय ते आपोआप दिसेल.”

“लाखातला कुठला एक पकडू?”

“ते मला काय माहीत? जिचे कॉल आहेत तिला विचार.”

आठ महिन्यांत ती फोनच्या खोलीत एकदाही गेली नव्हती. दोन मजले. एकोणचाळीस पायऱ्या.

फोनची खोली लांबट होती, सहा खुर्च्या, सहा स्क्रीन, सहा जणी, आणि एकही ओरडत नव्हती. ठिणगीला त्याचंच जास्त आश्चर्य वाटलं. आई शेवटच्या खुर्चीवर, कानाला हेडफोन लावून बोलत होती. “हो, ऐकतेय मी. शोधतेय. तुम्ही दार उघडून ठेवा. ठेवलं? आता त्यांना कुशीवर वळवा. मी आहे, फोन ठेवू नका.” समोरच्या स्क्रीनवर गोल फिरत होतं. फिरत होतं. ठिणगी श्वास रोखून उभी. फिरतच होतं. आईच्या डाव्या हाताची बोटं टेबलावर एकेक सेकंद मोजत होती, आणि आवाज मात्र असा शांत की जणू समोर काही फिरतच नाही.

मग पत्ता आला. आईने बटण दाबलं. एकदाच. गाडी निघाली. आणि आईने पेन्सिल उचलून एका वहीत काहीतरी लिहिलं.

“हे काय लिहितेस?”

आईने वर बघितलं. “तू? इथे? वाट चुकलीस की काय?”

“आई, वही कसली?”

“कसली म्हणजे? कधी फिरायला लागलं, किती सेकंद फिरलं, कुठला पत्ता होता. तीन आठवड्यांचं आहे. तुमच्या यंत्रांना लिहिता येतं आणि आम्हाला येत नाही, असं वाटलं होतं का तुला?”

शेजारच्या खुर्चीवरची ऑपरेटर फिसकन हसली. ठिणगीने वही जवळजवळ हिसकावूनच घेतली. कालची तारीख. सकाळी दहा बेचाळीस. अडतीस सेकंद. ‘बंद काच कारखान्याच्या मागे, निळी टाकी.’ त्याखाली सदतीस. अडतीस. एकोणचाळीस. पानंच्या पानं.

“आणि तुमच्याकडे?” तिने हसणाऱ्या ऑपरेटरला विचारलं. “तुमच्याकडे फिरत नाही?”

“आम्ही खुणेवरून शोधतच नाही गं. निळी टाकी, पिवळं फाटक, हे असलं टाकलं की ते लटकतं. आम्ही सरळ जवळचा मोठा रस्ता टाकतो आणि ड्रायव्हरला सांगतो, विचारत विचारत जा. ताईंनाच कोण समजावणार? नेमकी जागा मिळाल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. म्हणून तर ज्यांना पत्ता धड सांगता येत नाही, त्यांचे फोन आम्ही ताईंकडेच देतो.”

म्हणजे बघा! जी सगळ्यात अवघड कॉल घेते, जी ड्रायव्हरला गल्ल्यागल्ल्यांतून ‘टाकी कुठे हो’ म्हणत फिरायला लावत नाही, तीच कागदावर सगळ्यात मंद. आणि ज्या शोधतच नाहीत त्या चपळ. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. ठिणगी वही छातीशी धरून पायऱ्या चढली, एका वेळी दोन-दोन.

आता शोधणं सोपं होतं. काल, दहा बेचाळीस, आईची खुर्ची. प्रत्येक शोधाला ॲप एक क्रमांक देतं, आणि तो शोध ज्या ज्या यंत्रातून जातो ते यंत्र आपल्या ओळीत तोच क्रमांक लिहितं. ठिणगीने क्रमांक टाकला. लाखो ओळी बाजूला झाल्या आणि उरल्या फक्त अकरा.

पहिल्या यंत्राने पत्ता घेतला, एका क्षणात पुढे दिला. दुसऱ्याने तपासला, पुढे दिला. तिसरं यंत्र, खुणांची यादी सांभाळणारं. शोध आत गेला दहा वाजून बेचाळीस मिनिटं सात सेकंदांनी. बाहेर आला दहा वाजून बेचाळीस मिनिटं पंचेचाळीस सेकंदांनी.

अडतीस सेकंद. बोटांवर मोजलेले. वहीत लिहिलेले. बरोबर.

मध्येच आणखी एक ओळ होती. त्याच पत्त्याचा दुसरा शोध. ठिणगीचं काळीज लक्कन हललं. दोनदा? खरंच दोनदा दाबलं? तिने ओळ शेवटपर्यंत वाचली. दुसरा शोध आईच्या बटणातून आलाच नव्हता. तीस सेकंद उत्तर आलं नाही की ॲप स्वतःच पुन्हा विचारतं, असं ते बनवलेलं होतं. तीन आठवड्यांच्या ओळी चाळल्या. आईने एकदाही, एकदाही, बटण दोनदा दाबलं नव्हतं.

ठिणगीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने बाहीने असं पुसलं, जसं काही त्याचाही राग आला होता.

“तिसरं यंत्र,” ती आजोबांना म्हणाली. आजोबा हुश्श करून उठले, तिच्या खांद्यावरून वाकले, आणि पाच मिनिटांत कपाळाला हात लावला. तीन आठवड्यांपूर्वी खुणांची नवी, मोठी यादी चढवली होती. यादी चढवली, पण तिची सूची बनवायची राहून गेली. जाड पुस्तकाच्या शेवटची सूची फाडून टाकली तर एक शब्द शोधायला पहिल्या पानापासून वाचत सुटावं लागेल, तसं ते यंत्र दर वेळी अख्खी यादी वाचत होतं.

“सूची बनवायला चार मिनिटं लागतील,” आजोबा म्हणाले. मग घड्याळाकडे बघून आवाज खाली आणला. “दोन वाजून दहा झालेत. मी म्हणतो, चारपर्यंत थांब. साहेबांना डोळ्यांदेखत अडतीस सेकंद दाखव. आत्ता दुरुस्त केलंस तर ते म्हणतील, कुठे हळू आहे?”

“आणि चारच्या आत कोणी निळ्या टाकीजवळून फोन केला तर?”

आजोबांनी पुन्हा घड्याळाकडे बघितलं.

“तर त्याला काय सांगू? थांबा, आमची मीटिंग आहे?” ठिणगी कडाडली. “करा आत्ता!”

दोन वाजून सोळा मिनिटांनी अडतीस सेकंदांचा अर्धा सेकंदही उरला नाही. आणि पुरावाही उरला नाही. वही होती, ओळी होत्या, पण साहेब एकच विचारणार हे तिला ठाऊक होतं: अडतीस सेकंद लागत होते तर स्क्रीन हिरवा कसा?

हाच प्रश्न आता तिलाही पडला. अडतीस सेकंद गिळून ही भिंत हिरवी राहते कशी? कोणी बनवली ही मूर्ख सरासरी? ज्याने कोणी बनवली त्याला धरून तळघरात फायली मोजायला बसवायला हवं! तिने सरासरीत काय काय मोजलं जातंय ते उघडलं.

माणसांचे शोध, मिनिटाला साठेक. त्यातले खुणांचे जेमतेम तीन. आणि त्याशिवाय मिनिटाला सातशे वीस आणखी काहीतरी, ज्यांचं उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येत होतं. बारा यंत्रं, प्रत्येकाला दर सेकंदाला एक प्रश्न: जिवंत आहेस का? आहे. जिवंत आहेस का? आहे. ही माणसं नव्हतीच. हा देखरेखीचा प्रोग्राम यंत्रांची नाडी बघत होता, आणि ते सातशे वीस फुकटचे ठोकेही सरासरीत धरले जात होते. उकळत्या पाण्याच्या पेल्यात बादलीभर गार पाणी ओतायचं, मग बोट बुडवून म्हणायचं, कुठे भाजतंय?

“कुठल्या गाढवाने लावलं हे?” असं मोठ्याने म्हणत ठिणगीने बदल करणाऱ्याचं नाव उघडलं.

तिचंच नाव होतं.

आठ महिन्यांपूर्वीचं. नोकरीतलं पहिलं काम. खाली तिने स्वतः हौसेने टाकलेली टीप: ‘आता कोणी मेलं तर एका सेकंदात कळेल!!!’ तीन उद्गारचिन्हं. यंत्रांबद्दल लिहिलं होतं तिने. साहेबांनी तेव्हा पाठ थोपटली होती, आणि घरी येऊन तिने आईला अर्धा तास ते काम समजावून सांगितलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. दिवसभर जिला शिव्या घालत ती हिंडत होती, ती तिच्याच खुर्चीत बसली होती.

आजोबांनी वाचलं. खोकले. “काढून टाक गुपचूप,” ते हळूच म्हणाले. “नवीन काम, होतं असं. कोणाला कळायचं नाही.”

पण ठोके काढून टाकले तरच गेल्या तीन आठवड्यांचा खरा आलेख निघत होता, आणि तो दाखवला की साहेब विचारणारच, आधीचा खोटा कोणाचा? एक लपवलं की दुसरं लपलं. आईची खुर्ची आणि तिचं ते शहाणपण, दोन्ही एकदम वाचणार नव्हती.

चार वाजता साहेबांच्या खोलीत आई हात घडी घालून बसली होती. ठिणगीने स्क्रीनवर आलेख लावला, नाडीचे ठोके वगळून. नवी यादी आली त्या दिवसापर्यंत रेघ खाली सपाट, आणि तिथून सरळ वर, लालभडक, थेट आज दुपारी दोन सोळापर्यंत. शेजारी तिने आईची वही उघडी ठेवली. लॉगचे सेकंद, वहीचे सेकंद. ओळीला ओळ.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. “पण भिंतीवर तर हिरवं होतं. हा आलेख आता बदललाय ना? कोणी बदलला?”

“मी. कारण आधीचा खोटा होता.”

“खोटा? कोणी बनवला होता खोटा?”

“मीच!” ठिणगीचा आवाज फाटला. “यंत्रांची नाडी मी सरासरीत मोजली. बटण दोनदा दाबतात हेही मीच म्हटलं, लिफ्टमध्ये, न बघता. आणि तुम्ही ते न विचारता छापलंत! दोन मजले खाली कोणी उतरलं नाही, मीही नाही, तुम्हीही नाही. अंगण खरंच वाकडं होतं, साहेब. आणि त्या वाकड्या अंगणात आई तीन आठवडे नाचत होती!”

साहेब घसा खाकरून आईकडे वळले. “बरं... गैरसमज झाला म्हणायचा. ते पत्र आम्ही मागे घेतलं असं समजा.”

“समजणार नाही,” आई म्हणाली. “पत्र लेखी आलं होतं. मागे घेतल्याचंही लेखी द्या. आणि बटण एकदाच दाबलं जात होतं, तेही त्यात लिहा.”

“हो, हो. उद्या...”

“आज. माझी पाळी पाचला संपते.”

साहेबांनी मुकाट कीबोर्ड ओढला. ठिणगीला प्रिंटर आठवला.

बाहेर आल्यावर तिला वाटलं, आता आई जवळ घेईल. निदान खांद्यावर हात ठेवेल. आई जिन्याकडे चालत राहिली आणि पहिल्या पायरीवर गर्रकन वळली.

“चुकलीस त्याचा राग नाही मला. माणूस चुकतं. तीन आठवडे तुझ्यासमोर बसून सांगत होते, आणि तू त्या भिंतीचं खरं मानलंस, माझं नाही. त्याचा आहे. आणि तो दोन दिवसांत जाणार नाही, सांगून ठेवते.”

“आई...”

“उद्या माझी पाळी सकाळी सातची. खाली ये. माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसायचं, दुसरे हेडफोन लावून. आठ तास. एक शब्द बोलायचा नाही. नुसतं ऐकायचं.”

“उद्या? उद्या माझी वर मीटिंग...”

आईने नुसतं बघितलं.

“सातला येते,” ठिणगी म्हणाली. कान अजून लाल होते.

आई चार पायऱ्या उतरली आणि मागे न बघता ओरडली, “आणि माझी वही आण परत! पानं मोजलेली आहेत मी!”